‘मूळचे कोण’ हा प्रश्न आता गेटबाहेर ठेवा : सीमाभागातल्या मंडळ्यांना एक खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या चर्चच्या मंडळ्यांचे पाळकसाहेब, कमिटीचे मेंबर, महिला मंडळाच्या बाया आणि ज्यांच्या शब्दाला आपल्याकडं मान आहे अशा सगळ्या वडीलधाऱ्यांना,

सप्रेम सलाम.

मी तुमच्यातलीच एक. उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते आणि गेली 16 वर्षं रविवारी संडे स्कूल घेते, त्यातली शेवटची सहा वर्षं मोठ्या मुलांचा वर्ग, म्हणजे ज्यांना पुढं मंडळीचे पूर्ण सभासद म्हणून घेतात ती मुलं. आता जे लिहितेय ते खरं तर कमिटीच्या मीटिंगमधे बोलायचं होतं, उभी पण राहिले होते, पण तोवर आवाज इतके चढलेले की माझं कुणाला ऐकूच गेलं नसतं, म्हणून खाली बसले. घरी येऊन झोप लागेना. मग म्हटलं लिहूया, आणि उघडच लिहूया, कारण ही गोष्ट एका चर्चची नाहीच, खानापूरच्या नाहीतर संकेश्वरच्या बायकांशी बोलते तेव्हा थोड्याफार फरकानं हेच ऐकायला येतं.

विषय बोर्डाचा. गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या गेटवरचा, नावाचा पत्र्याचा जुना बोर्ड गंजून एका रात्री खाली आला. नवा करायचं ठरलं. आणि वर मराठी की वर कन्नड, कुणाची अक्षरं केवढी, इंग्लिश ठेवायचं की काढायचं यावर तीन मीटिंगा झाल्या. तिसऱ्या मीटिंगला एक भाऊ म्हणाले की ज्यांना मराठीच पाहिजे त्यांनी कोल्हापूरला जावं, त्यावर दुसरे म्हणाले हे चर्च आमच्या आज्यांनी दगड वाहून बांधलंय, तुम्ही मागून आलाय. दोघंही त्याच्या आदल्या रविवारी एकाच बाकावरून उठून प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि प्याला घ्यायला, गेलेली माणसं. दोघांनाही मी लहानपणापासून ओळखते, माझ्या वडिलांच्या मातीला दोघं खांदा द्यायला होती, म्हणून तर जास्त लागलं.

पुढच्या रविवारी वर्गात एक बारा-तेरा वर्षांची मुलगी हात वर करून म्हणते, "टीचर, बोर्डावर कन्नड वर आलं की आपण कन्नड ख्रिश्चन होणार काय?" दोन-तीन मुलं हसली. ती हसली नाही. तिच्या घरी आई मराठी, बाबा कन्नड, शाळा इंग्लिश मीडियम, आणि तिला खरोखरच भीती वाटत होती की या बोर्डापायी आपल्याला कुणाच्या तरी एकाच्या बाजूला उभं राहावं लागणार. मी तिला घाईघाईत काहीतरी सांगितलं, देवाला सगळ्या भाषा सारख्या वगैरे. ते मलाच पटलं नाही. तिला द्यायचं खरं उत्तर शोधता शोधता हे पत्र झालंय, आणि ते उत्तर मी एकटी देऊन भागणार नाही, तुम्ही सगळ्यांनी द्यावं लागणार.

आपल्याकडं माणसाला पहिला प्रश्न असतो "मूळचे कुठले?" आणि त्याच्या पोटात दुसरा, "मूळचे कोण?" भाड्यानं घर बघायला जा, मुलाच्या अ‍ॅडमिशनला जा, बसमधे शेजारी बसलेली बाईसुद्धा दोन स्टॉप गेले की विचारते. नाव सांगितलं की म्हणते, नाव तर आपलंच आहे की, मग ख्रिश्चन कसं काय? 2025 च्या सप्टेंबरात राज्याचा जातींचा सर्वे सुरू झाला तेव्हा मोबाईल घेऊन शिक्षिका आल्या आमच्या गल्लीत, बिचाऱ्या उन्हात फिरून दमलेल्या, धर्माच्या रकान्यात ख्रिश्चन भरून झालं आणि पुढच्या रकान्याला थांबल्या, "जात काय लिहू अक्का?" आणि आमच्या घरात चार माणसांची चार तोंडं झाली. सासूबाई म्हणाल्या काहीच लिहू नका. दीर म्हणाले मूळची लिहा, पोरांच्या पुढच्या शिक्षणाचं बघायला पाहिजे. त्या बाई दारात उभ्या आणि आम्ही आत कोण आहोत ते ठरवतोय.

कागदाचा हा प्रश्न खोटा नाही, त्याला मी नावं ठेवणार नाही. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात, म्हणजे कुठल्या जातींना सवलती ते ठरवणाऱ्या कागदात, हिंदूच पाहिजे अशी धर्माची अट आली, 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे आजोबांना ज्या कारणासाठी विहिरीवर पाणी मिळत नव्हतं ते कारण बाप्तिस्मा झाल्यावर गावानं विसरलं नाही, पण कागदानं विसरलं. म्हणून कितीतरी घरांत एक नाव शाळेच्या दाखल्यावर आणि एक नाव चर्चच्या रजिस्टरात असतं, आणि ती माणसं रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसतात, प्रभुभोजनाला पुढं यायला कचरतात. त्यांना आपण व्यासपीठावरून "दोन डगरींवर पाय ठेवणारे" म्हणून सुनावतो. पाळकसाहेब, हात जोडून सांगते, हे थांबवा. ज्याच्या पोराची फी भरायची आहे त्याला विचारा त्या कागदाचं ओझं किती आहे ते.

पण मला जास्त टोचतं ते दुसरं. बाहेरच्यांनी "मूळचे कोण" विचारलं तर एक वेळ समजू शकते. आपण आत विचारतो त्याचं काय करायचं? माझंच सांगते, आता 20 वर्षं झाली म्हणून सांगू शकते. माझं एक स्थळ जुळत आलेलं, मुलगा ख्रिस्ती, घर ख्रिस्ती, रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होणारं घर, पत्रिकेचा प्रश्न नाही, हुंड्याचा नाही. सगळं ठरलं आणि चहा झाल्यावर मुलाच्या काकांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "तसं आपण सगळे प्रभूमधे एकच, पण मूळचे तुम्ही कोणाकडचे?" वडिलांनी खरं ते सांगितलं. त्यानंतर त्या घरून फोन आला नाही. वडील आठ-दहा दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि मला आठवतं, त्या रविवारी ते चर्चला आले, गायले पण, फक्त शांतीच्या सलामाच्या वेळी, सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात तेव्हा, हात खिशातच ठेवून उभे राहिले.

त्यानंतर मी पुण्याला नोकरीला गेले, दोन वर्षं. तिथं रूमवरच्या मुली मला कर्नाटकी म्हणायच्या, माझ्या बोलण्यातला "की" ऐकला की ओळखायच्या, काय करायलीस, येते की, असं बोलले की हसायच्या. इकडं ऑफिसात फॉर्म कन्नडात भरता आला नाही की आम्ही मराठीवाले. मराठी मैत्रिणींना ख्रिश्चन म्हटलं की वाटतं गोव्याकडची असणार, आणि बेळगावच्या कॅम्पातल्या कोंकणी कॅथलिक मैत्रिणी म्हणायच्या, तुमचं वेगळं गं, तुम्ही प्रोटेस्टंट. म्हणजे जाईन तिथं मी दुसऱ्या कुणाची तरी. पुण्यात मी गळ्यातला क्रूस काढून ठेवला होता. रविवारी चर्चला जाताना मावशीकडं चालले म्हणून सांगायची. हे मी आजवर माझ्या वर्गातल्या मुलांनापण सांगितलेलं नाही, आता वाचतील.

तेव्हा मला आमची निपाणीची आज्जी आठवायची. तंबाखूच्या वखारीत आणि पुढं घरी बसून बिड्या वळून तिनं चार पोरं वाढवली. अक्षर येत नव्हतं. पण तिचं बायबल होतं, आणि त्यात खुणेला बिडीचे दोरे घातलेले असायचे, गुलाबी दोरा म्हणजे 23 वं स्तोत्र, काळा दोरा योहानाचा दहावा अध्याय. आम्ही सुट्टीला गेलो की सूप मांडीवर, पानं कापणं चालू, आणि म्हणायची, "काळ्या दोऱ्याचं वाच गं." मी वाचायची. पान उघडलं की तंबाखूचा वास यायचा, अजून येतो, ते बायबल माझ्याकडं आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारतो ही ओळ आली की तिचे हात थांबायचे. बाकी वेळ हात कधी थांबत नव्हते कारण हजार बिड्यांचा हिशोब असायचा. एकदा गल्लीतल्या कुणीतरी तिला माझ्यादेखत विचारलं, तुम्ही मूळच्या कोण ओ? ती वळता वळता म्हणाली, "मूळची त्याचीच की. त्यानं नावानं हाक मारली, मी गेले." आणि परत दोरा गुंडाळायला लागली.

मला ते समजायला फार वर्षं लागली. आणि समजलं ते मराठी उपासनेत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मीटिंगमधे मी मराठीच्या बाजूची म्हणून धरली गेलेय. पुण्याहून परत आल्यावरची गोष्ट. एका रविवारी आमची मराठी उपासना काही कारणानं रद्द होती, आई म्हणाली कन्नड उपासनेला तरी जाऊन ये. मी नाराजीनंच गेले, मागं बसले, गाणी येत नव्हती म्हणून ओठ मिटून उभी राहिले. प्रभुभोजनाला गुडघे टेकले. शेजारी एक म्हातारे अण्णा होते, शेतात राबणारे असावेत, हाताच्या भेगांत माती मुरलेली. पाळकांनी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "निनगागि." तुझ्यासाठी. मराठी उपासनेत मी जन्मभर "तुमच्यासाठी" ऐकत आलेले, सगळ्यांसाठी म्हणून मोठ्यानं एकदाच म्हणतात, त्यात आपण पण असतो कुठंतरी. इथं एकेकाच्या हातावर ठेवताना एकेकाला म्हणत होते. निनगागि. तुला, एकटीला, जिच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं तिला, जिनं क्रूस पर्समधे लपवला तिला. मी तिथंच रडायला लागले आणि त्या अण्णांनी काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवला. माती लागलेला तो हात कन्नड होता की मराठी हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. आणि बाकावर परत येऊन मी जी प्रार्थना केली ती मराठीत केली, निपाणीच्या मराठीत, कारण माझ्यातलं खोलातलं बोलणं त्याच भाषेत आहे.

मला म्हणायचंय ते एवढंच आहे. आपण कोण, हे त्या टेबलाजवळ ठरलेलं आहे. ते आधी ठरलं की भाषा आणि गाव ही आपल्याला मिळालेली देणगी होते, मग ती पुसायची गरज नाही आणि तिच्यावरून भांडायची पण नाही. पण ते ठरवायचं आपण टाळलं तर रिकाम्या जागी भाषा येऊन बसते, जात येऊन बसते, आणि मग बोर्डाच्या अक्षरांची उंची फुटपट्टीनं मोजायची वेळ येते.

आणि जे म्हणतात भाषेचं एवढं काय घेऊन बसलात, उपासना कुठल्या का भाषेत होईना, त्यांना पण मला अडवायचंय. भाषा किरकोळ असती तर प्रेषितांची कृत्यंच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी सगळ्यांना एकच भाषा यायला लागली असती. तसं झालं नाही, प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. आणि त्याच पुस्तकात जरा पुढं सहाव्या अध्यायात बघा, पहिल्या मंडळीतलं पहिलं मोठं भांडण कशावरून झालं? ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय म्हणून. भाषेवरूनच की! तेव्हा प्रेषितांनी कुणाला गाव सोडून जा म्हटलं नाही, मागून आलात म्हटलं नाही. सात माणसं निवडली, आणि त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, पुढची पाच, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्यांच्याच हातात त्यांनी वाटप दिलं. मला वाटतं आपल्या कमिट्यांनी हा एक अध्याय मीटिंगच्या आधी वाचावा, नुसता वाचून पुढं न जाता, जरा थांबून.

प्रेषित पौलाचं तर आपल्या बेळगावकरासारखंच आहे. शिपायांचा सरदार समोर आला की ग्रीकमधे बोलतो, लगेच वळून जमावाशी इब्री भाषेत बोलतो आणि ती भाषा ऐकून लोक आणखी शांत होतात. आपण चन्नम्मा सर्कलला रिक्षावाल्याशी एक, दुकानदाराशी एक बोलतो तसंच. मूळचा कोण हे तर त्यानं फिलिप्पैच्या पत्रात स्वतःच सगळं सांगून टाकलंय, इस्राएल वंशातला, बन्यामिनाच्या कुळातला, इब्र्यांचा इब्री, आणि ख्रिस्तापुढं ते सगळं केरकचरा. येशूला पकडलं त्या रात्री त्याच्या शिष्याला, पेत्राला, तर अंगणात त्याच्या बोलण्यावरूनच धरलं, तू गालीलचा दिसतोस. पुण्यात माझ्या "की" वरून मला धरायच्या तेव्हा हा उतारा मला माहीत होता, पण तो माझा आहे हे माहीत नव्हतं. तो येशूला ओळखत नाही म्हणाला, मीपण म्हणाले.

आणि बोर्डाचं बोलायचं तर एक बोर्ड आपल्या सगळ्यांच्या समोर दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, असतो. क्रुसावर येशूच्या डोक्याच्या वर लावलेला. योहान लिहितो, तो इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होता. तिथंही पुढाऱ्यांनी बोर्डावरच्या मजकुरावरून वाद घातला, असं लिहू नका, तसं लिहा. बोर्डाखाली तो मरत होता आणि ते मजकूर बघत होते. त्या मीटिंगमधे बसून मला हेच दिसत होतं आणि मी भ्याले.

"तुम्ही मागून आलाय" या वाक्याबद्दल थोडं, कारण मुलांनी ते ऐकलंय. मागून कोण आलं नाही ते सांगा. 1818 साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, त्यानंतर दोनच वर्षांत, 1820 ला, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथं आले आणि काम सुरू केलं. 1904 ला ते काम मेथडिस्टांकडं गेलं. त्याच्याही कितीतरी आधी गोव्याकडून घाट चढून आलेली कोंकणी कॅथलिक घरं खानापूरच्या बाजूला, संतिबस्तवाडला राहिलेली, त्यांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 ला वेगळा झाला. कॅम्पात पलटणीबरोबर आणखी वेगळ्या भाषांची माणसं आली. धारवाडकडं 1837 पासून बासेल मिशन, त्यांच्यातल्या किटेल साहेबांनी कन्नडचा असा शब्दकोश केला, 1894 चा, की आजही कन्नड माणूस त्यांचं नाव आदरानं घेतो. आणि आमच्या मराठीत 1616 साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या 14 वर्षं आधी, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं ख्रिस्ताची सगळी कथा ओव्यांत बांधली, क्रिस्तपुराण, अकरा हजाराच्या आसपास ओव्या, पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसाला ऐकता येईल अशी. मग परका कोण आणि मूळचा कोण? 1956 ला राज्यांची रेघ ओढली गेली तेव्हा ती आपल्या बाकांच्या मधून गेली नव्हती. ती आपण ओढतोय.

पंडिता रमाबाईंचं मी दरवर्षी वर्गात सांगते. जन्म 1858 चा, आत्ताच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात, घर मराठी, आईनं संस्कृत शिकवलेली, 1883 ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा झाला. तिथं त्यांना सांगत होते की आमच्या पंथाच्या चौकटीत राहा, अधिकाऱ्यांचं ऐका. त्यांनी ख्रिस्त घेतला पण ते जोखड घेतलं नाही, म्हणाल्या एका पुरोहितवर्गाच्या हाताखालून मोठ्या कष्टानं सुटलेय, दुसऱ्याखाली जाणार नाही. क्रुसावर लॅटिन कशाला, संस्कृत शब्द का नकोत, असं विचारायची हिंमत त्यांनी परदेशात, एकटीनं, विशीतल्या वयात केली. आणि पुढं केडगावला बसून अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली, साध्या बायकांना समजेल असं मराठी पाहिजे म्हणून. माझ्या आज्जीसारख्या बायकांसाठी. नारायण वामन टिळकांनी तर मिशनचा पगार सोडून 1917 ला देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही बसायला जागा होती. ही आपली माणसं. यांना भाषेची लाज नव्हती आणि ख्रिस्ताचीपण नव्हती. आपली मुलं यांच्याविषयी काही न ऐकता सभासद होतात, त्यांना वाटतं आपण कुठूनतरी उचलून इथं ठेवलेले आहोत.

आता मागणं सांगते, मग मला कमिटीनं बोलवून काय विचारायचं ते विचारा.

मराठी उपासना महिन्यातून एकदा करायचा जो विचार चाललाय तो सोडून द्या. माणसं कमी येतात हे खरं, गेल्या महिन्यात मी मोजली, 34 होती, त्यातल्या निम्म्या साठीच्या पुढच्या. पण त्या साठीच्या पुढच्या बायकांना दुसऱ्या कुठल्याच भाषेत पापाची कबुली देता येत नाही. तसंच जिथं मराठी जास्त आहेत त्या मंडळ्यांनी आपल्यातल्या पाच कन्नड घरांसाठी निदान एक वाचन आणि एक गीत कन्नडात ठेवावं, दर रविवारी, कुणी मागायची वाट न बघता. लग्न जुळवताना "मूळचे कोण" विचारलं गेलं असं कळलं तर पाळकसाहेबांनी त्या घरी जाऊन बसावं, रागवायला नाही, पण जावं. माझ्या वडिलांकडं तेव्हा कुणीच आलं नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. रजिस्टरात बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी जिथं कुठं अजून मूळ जातीचा रकाना आहे तो नव्या रजिस्टरात छापूच नका. आणि मुलांना सभासद करून घ्यायच्या वर्गात पाठांतर थोडं कमी करून आपापल्या घरात विश्वास कसा आला हे आजी-आजोबांना विचारून लिहून आणायला लावा. मी हे यंदा करून बघितलं. एका मुलानं लिहिलं की त्याच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या रात्री गावानं त्यांचं पाणी तोडलं आणि शेजारच्या मुसलमान बाईनं मागच्या दारानं घागर दिली. त्याला हे माहीतच नव्हतं. त्याच्या बापालापण नव्हतं.

बोर्डावर दोन्ही भाषा सारख्या अक्षरात लिहा. वर कोण खाली कोण हे ठरत नसेल तर शेजारी-शेजारी लिहा, गेट चांगलं बारा फुटी आहे.

एक आणखी, हे मनात बरेच दिवस आहे. 1 नोव्हेंबर. आपल्या शहरात त्या दिवशी एका बाजूनं लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडं काळ्या पट्ट्या बांधून काळा दिन पाळतात, मधे पोलीस, दुकानं अर्धी बंद, आणि आपल्या तरुण संघातली पोरं पण कुणी इकडं कुणी तिकडं असतात. त्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या घरातून आलेलं आहे आणि सीमेचं दुखणं खरं आहे. पण चर्चच्या कॅलेंडरात त्याच तारखेला सर्व संतांचा दिवस असतो. त्या दिवशी वाचायचा उतारा प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातला, सगळ्या राष्ट्रांतले, वंशांतले, भाषा बोलणारे कुणालाही मोजता न येईल एवढे लोक राजासनासमोर उभे. तिथं जाऊनसुद्धा भाषा पुसल्या गेल्या नाहीत, योहानाला त्या ओळखू आल्या. 2026 ला 1 नोव्हेंबर रविवारीच येतोय. त्या दिवशी एक उपासना करूया, मराठी-कन्नड मिळून, जमलं तर कोंकणी शेजाऱ्यांनापण गायला बोलवूया, आपल्या गेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं वाचूया, जी ज्या भाषेत हाक मारली जायची त्या उच्चारात. मिरवणुकीला जायचं त्यांनी नंतर जावं. आणि प्रभुभोजन देताना मराठी पाळकांनी "तुझ्यासाठी" म्हणावं, एकेकाच्या हातावर ठेवताना, एकेकाला. वेळ लागेल, लागू दे. त्या मीटिंगमधल्या दोन्ही भाऊंना मी स्वतः घरी जाऊन बोलवणार आहे, आणि माझी इच्छा आहे की त्यांनी त्या दिवशी भाकरीचं ताट आणि प्याल्याचं ताट धरावं, शेजारी उभं राहून.

ती मुलगी अजून येते वर्गाला. मागच्या रविवारी मी तिला आज्जीचं बायबल हातात दिलं, काळ्या दोऱ्याचं पान उघडायला लावलं. तिनं पान नाकाजवळ नेलं, वास घेतला, आणि विचारलं, "हे मराठीत वाचू की कन्नडात सांगू?" मी म्हटलं दोन्ही कर. तिनं आधी मराठीत वाचलं, अडखळत, जोडाक्षरं चुकवत, आणि मग शेजारच्या मुलाला कन्नडात सांगितलं कारण त्याला मराठी नीट येत नाही.

वर्ग रविवारी सकाळी साडेआठला भरतो, उपासनेच्या आधी, मागच्या खोलीत. कमिटीतल्या कुणीही यावं, मुलांनी लिहून आणलेल्या वह्या तिथंच कपाटात आहेत, बसून वाचाव्यात. चहाची सोय मी करते.

प्रभूमधे तुमची बहीण,
मोठ्या मुलांच्या वर्गाची टीचर, बेळगाव